गार असताना

लेवुकाच्या धक्क्यावर सिरेली म्हणतो, "बघ आकानिसी,
एका ओढीत सुरू होतं."
मी आधी झाकणाखाली तळहात घालते.
कोमट.
म्हणजे मी यायच्या आधीच कुणीतरी याला उठवून,
तोंड धुऊन, भांग पाडून बसवलंय.
"जेवून येते," मी म्हणते. "तोवर गार होऊ दे."

उकडलेला कसावा, डब्यातला मासा, आणि समोर इलाइतिया,
बातिकी बेटाचा शाळामास्तर.
गावच्या वर्गणीचे अठराशे डॉलर त्याच्या खिशात,
आणि हात त्या खिशातून निघत नाही.
एका हातानेच जेवला बिचारा.

चाळीस घोड्यांचं, टू-स्ट्रोक,
मास्तरपेक्षा दोन वर्षांनी थोरलं.
आता गार आहे. ओढ.
एक. दोन. तीन.
सातव्या ओढीला खोकलं, धूर टाकला, लागलं.
सिरेली समुद्राकडे बघत राहिला.
सात वाईट नाहीत, सिरेली.
लपवलेले सात वाईट.

वरचा प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा.
खालचा काळा, ओला.
म्हणजे एक सिलिंडर जेवतो
आणि दुसरा नुसता ताट अडवून बसतो.
गिअरचं तेल बोटावर घेतलं: दुधाळ नाही,
खारं पाणी अजून आत शिरलेलं नाही.
मागची धार पेन्सिलीएवढी, अखंड,
बोटाला सोसेल इतकी ऊन.

"आणि पितं किती?"
"तासाला बारा लिटर."
सगळीच तासाला बारा लिटर पितात.
हा आकडा धक्क्यावर जन्मतो, धक्क्यावरच म्हातारा होतो,
पाण्यात कधी उतरत नाही.

मी माझी काठी काढली.
टाकीत बुडवली, ओल संपली तिथे चाकूने खाच पाडली.
होडीत सिमेंटच्या चार गोण्या घातल्या,
कारण रिकामी होडी खोटं बोलते.
मोतुरिकीकडे निघालो, वारा छातीवर घेऊन.
तिथे दुसरी खाच. परतताना वारा पाठीला, तिसरी.
हिशोब मास्तरनेच केला, गोणीवर, खडूने:
जाताना तासाला एकोणीस.
येताना तेरा.
तो त्या दोन आकड्यांकडे बघत बसला,
जणू एकाच मुलाची दोन प्रगतिपुस्तकं.

तोमासीचं इंजिनही मीच पास केलं होतं.
माझा धाकटा भाऊ.
प्लग, सील, धार, सगळं निर्दोष,
आणि विचारलं तेव्हा मीच म्हणाले होते, बारा.
नऊ दिवसांनी तो एका मासेमारी जहाजाला दिसला.
ओठांची सालं निघालेली, होडीत एक थेंब नाही,
ना पाण्याचा, ना पेट्रोलचा.
होडीसकट त्याला आणून सोडलं त्यांनी.
मी टाकीत दोन लिटर ओतले. दोरी ओढली.
पहिल्या ओढीला लागलं.
गुणी इंजिन. एकदाही दगा दिला नव्हता त्याने.
तो आवाज ऐकला आणि तोमासी
उठून घरात गेला.
आजही होडीत पाय ठेवत नाही. मला काही बोलतही नाही,
फक्त रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतो.

"चौदाशे," मी सिरेलीला म्हणते. "खालच्या सिलिंडरचे चारशे वजा."
तो तोंड वाकडं करतो, मग नोटा मोजतो.

मास्तर, कार्बोरेटर उघडून धू.
आणि बातिकीला जायला लागेल तेवढं पेट्रोल भर,
वाऱ्याविरुद्ध मोजलेलं. तेवढंच परतीला.
तेवढंच आणखी एका कॅनमध्ये, बांधून ठेवलेलं.
"ते कशासाठी?" तो विचारतो. "गावाला परवडणार नाही हे."
मला माहीत आहे परवडणार नाही.

काठी त्याने मागितली. मी दिली नाही.
धक्क्यामागे पेरूचं झाड आहे,
सरळ फांदी बघून स्वतःची काप, म्हटलं,
खाचा तुझ्या हाताच्या असू देत.